ठीक आणि पुढची टिंबं

खोटं बोलणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात. पण यंत्राला खोटं बोलायला शिकवायचं, आणि तेही असं की ते खोटं आहे हे फक्त आपल्यालाच कळावं, याला डोकं लागतं. ते डोकं तात्यांकडे होतं.

तात्या ज्या कंपनीत होते ती शीतखोल्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. शीतखोली म्हणजे औषधं, लसी, रक्ताच्या पिशव्या ठेवायची थंडगार खोली. तिच्या भिंतीत एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यात यांची सिस्टीम. गारवा मोजायचा, मशीन चालू-बंद करायचं, दार उघडं राहिलं तर बोंब मारायची. एवढा संसार म्हटल्यावर त्यातलं काहीतरी बिघडणारच. कुठे बिघडलं ते शोधायचं डिबगिंग टूल सिस्टीमच्या पोटातच दिलेलं असायचं. त्याचं नाव 'निदान'. ते तात्यांनी लिहिलं होतं, डोक्यावरचे केस काळे होते तेव्हा.

तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकाने स्क्रीनवर 'बिघाड' वाचलं आणि मशीन परत धाडलं. मोठ्या साहेबांनी तात्यांना बोलावून सांगितलं की तो शब्द काढा. बिघाड काढा असं नाही म्हणाले. शब्द काढा म्हणाले. तात्यांनी शब्द काढला आणि जिथे तिथे 'ठीक' घातलं. पण आपल्या आपल्याला तरी खरं कळायला हवं, म्हणून 'ठीक'च्या पुढे टिंबं दिली. एक टिंब म्हणजे खरोखर ठीक. दोन म्हणजे कुठेतरी अडकलंय. तीन म्हणजे आटोपलं. पुढे गरजेप्रमाणे टिंबं वाढत गेली, मधेमधे स्वल्पविराम आले, आणि एका ठिकाणी तर टिंबाच्या आधी मोकळी जागासुद्धा आली.

हे शास्त्र तिघांनाच येत होतं. एक तात्या. दुसरा त्यांचा पट्टशिष्य टकल्या, जो मदतकक्षाचा प्रमुख होता. तिसरा होयबा, ज्याची मान 'नाही'च्या दिशेने हललेली कुणी पाहिली नव्हती. गिऱ्हाइकाचं मशीन रुसलं की तो मदतकक्षाला फोन करायचा आणि स्क्रीन वाचून दाखवायचा: ठीक, टिंब, टिंब, स्वल्पविराम, टिंब. टकल्या डोळे मिटून ऐकायचा, 'हं हं' करायचा आणि मग सांगायचा की मशीन बंद करून चालू करा. टिंबं कितीही असोत, उत्तर हेच. पण डोळे मिटल्यामुळे ते ज्ञान वाटायचं. तिघांना खिडकीजवळची टेबलं होती, नवीन पोरापोरींना ते 'तुम्हाला नाही कळायचं' एवढंच शिकवायचे, आणि दर व्हर्जनला निदान तसंच्या तसं पुढे जायचं. जुनं झालं होतं, हळू होतं, टिंबांपलीकडे आत डोकवायचं तर आधी अख्खी सिस्टीम थांबवावी लागायची. म्हणजे नाडी बघायची तर पेशंटचा श्वास बंद करा.

या कंपनीत एक मुलगी नोकरीला लागली आणि मग तात्यांच्या मुलाशी तिचं लग्न झालं. क्रम हाच होता, पण ऑफिसला उलटा सोयीचा वाटला. त्या दिवसापासून तिचं नाव गेलं आणि ती सगळ्यांची सूनबाई झाली. कामात चूक काढली की 'घरचं भांडण इथे आणते' म्हणायचे, चूक काढली नाही की 'सासऱ्याला घाबरते' म्हणायचे. तिने ऐकणं सोडून दिलं होतं. ऐकण्यासारखं तिथे फारसं काही नव्हतंच.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं. औषधांच्या गोदामांची साखळी चालवणाऱ्या एक बाई. काही गोदामांत ही सिस्टीम आधीच होती, उरलेल्या सगळ्यांत बसवायची म्हणत होत्या, पण एक अट होती. टिंबं नकोत. काय बिघडलंय ते सरळ शब्दांत स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि तेही मशीन न थांबवता. साहेबांना टिंबांपेक्षा गिऱ्हाईक प्रिय. त्यांनी सूनबाईला सांगितलं, निदानच्या जागी नवं टूल लिहा. बाईंना पटलं तर पुढच्या व्हर्जनमध्ये ते जाईल आणि निदान निघेल. नाही पटलं तर तुमचा विभाग बंद, आणि तुम्ही मदतकक्षात.

मदतकक्षात म्हणजे टकल्याच्या हाताखाली, कानाला फोन लावून टिंबं ऐकायला. विभाग म्हणजे तरी काय, ती आणि एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसून तिने कामाला सुरुवात केली.

घरी तात्या जेवताना बोलेनासे झाले. त्यांचा अबोला मोठा बोलका असायचा. वाटी दूर सारायची, पाण्याचा पेला आपटायचा, मुलाकडे बघून सुस्कारा सोडायचा. मुलगा दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडायची आणि स्वतःचं मिटून ठेवायचं, हा त्याचा धंदा होता. शेवटी एकदा तात्या फुटले. म्हणाले, ऐकलंय की नव्या टूलमध्ये 'मेला' असा शब्द येतो. अमका भाग मेला आहे. भल्या माणसांच्या स्क्रीनवर असला शब्द शोभतो का?

"मेल्याला मेला नाही म्हणायचं तर काय, पाहुणा म्हणायचं?" सासूबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असायचा. मेला पंखा, मेला दूधवाला, मेलं ते झाकण कुठे गेलं.

"ते घरात ठीक आहे गं."

"घरात ठीक, ऑफिसात ठीक. अहो, तुम्हाला ताप आला होता तेव्हासुद्धा डॉक्टरला ठीक म्हणालात आणि दारातच आडवे झालात."

सूनबाईने हसू गिळलं. मग तात्यांना तिने एवढंच सांगितलं की तुमच्या टूलने कधी कुणाला घाबरवलं नाही हे खरं आहे, पण घाबरवणं हेच त्याचं काम होतं. तात्या उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून पेला जरा जास्त जोरात आपटू लागला.

टूल तयार झालं. ऑफिसात चाचणीसाठी एक लहान शीतखोली होती. मागच्या व्हर्जनपासून तिथे सगळं छान चाललंय असा सगळ्यांचा समज होता. सूनबाईने तिथे आपलं टूल लावलं. सिस्टीम चालूच होती, कुणाचा श्वास थांबवला नाही. स्क्रीनवर बऱ्याच ओळी आल्या, पहिलीच होती: 'गारवा मोजणारा भाग मेला आहे. दिसणारा आकडा जुना आहे.' ती खोलीत गेली आणि हात लावून बघितलं. बाहेरचा आकडा दाखवत होता तेवढा गारवा आत नव्हता. मोजणारा भाग कधीच गतप्राण झाला होता आणि सिस्टीम त्याचा शेवटचा आकडा फोटोला हार घालावा तसा दाखवत बसली होती. आणि हे या एका खोलीतलं दुखणं नव्हतं. तिने कोड उघडून बघितला. दोष व्हर्जनमध्येच होता. ते व्हर्जन जिथे जिथे गेलं तिथे हे कधी ना कधी होणार होतं, किंवा होऊन गेलं होतं.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बैठक बोलावली. बैठकीचा विषय दोष हा नव्हता. विषय होता 'मेला' या शब्दाला पर्याय. मानवी संसाधनवाल्या बाईंनी 'विश्रांतीत' सुचवलं. विक्रीवाल्यांना 'अनुपलब्ध' आवडलं. टकल्याने 'दिवंगत' म्हणून बघितलं, ते साहेबांना जड वाटलं. होयबा प्रत्येक शब्दाला हो म्हणाला. सूनबाईने विचारलं की शब्द ठरला की दोष दुरुस्त करायचा का. साहेब म्हणाले, मॅडम, एका वेळी एकच. खूश असले की ते सूनबाई म्हणत, पारा चढला की मॅडम. शेवटी त्यांनी निकाल दिला की उगाच नवे शब्द कशाला, आपला 'ठीक' आहेच, गिऱ्हाइकाला सवय आहे. 'मेला'च्या जागी 'ठीक' घाला.

ती नाही म्हणाली. टूल जसं आहे तसं दाखवीन, नाहीतर दाखवणार नाही. साहेब हसले. त्यांच्या हसण्यावर तिने विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

ज्या सकाळी बाई येणार होत्या त्या सकाळी सूनबाई त्यांना आणायला दारापर्यंत गेली. तेवढ्यात साहेबांनी होयबाला खूण केली. होयबा तिच्या खुर्चीवर बसला, सगळ्या मजकुरात 'मेला' शोधा आणि त्याजागी 'ठीक' घाला असा हुकूम त्याने मशीनला दिला, एक कळ दाबली आणि उठला. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं स्वतंत्र काम होतं.

चाचणी खोलीबाहेर सगळे जमले. गोदामवाल्या बाई पुढे, चष्मा नाकावर खाली आणून. शेजारी साहेब, मागे त्रिमूर्ती. सूनबाईने टूल चालू केलं. स्क्रीनवर ओळी आल्या.

'गारवा मोजणारा भाग ठीक आहे. दिसणारा आकडा जुना आहे.'

'दाराचा पहारा ठीक आहे.'

'धोक्याची सूचना देणारी यंत्रणा मेली आहे.'

'राखीव वीज मेली आहे.'

'नोंदींची जागा सीठीक पोचली आहे.'

सूनबाईला एका नजरेत कळलं काय झालंय ते. बाईंनी मात्र सावकाश वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"तुमच्या सिस्टीममध्ये पुरुष सगळे ठणठणीत आणि फक्त बायका मरतात का?" त्यांनी विचारलं.

साहेब होयबाकडे बघत होते. होयबाला अजून कळलं नव्हतं. 'मेला' शोधायला सांगितलं तर मशीन 'मेली'ला हात लावत नाही, ते होयबा थोडंच आहे साहेबांच्या खुणेवरून ओळखायला.

"आणि सीठीक म्हणजे काय?"

टकल्या पुढे सरसावला. सीठीक ही एक तांत्रिक संज्ञा आहे, म्हणाला. डोळेसुद्धा मिटले त्याने. नोंदी जेव्हा एका विशिष्ट अवस्थेला जातात तेव्हा त्या अवस्थेला सीठीक असं म्हणतात, तो मोठा सखोल विषय आहे.

"तो शब्द सीमेला आहे," सूनबाई म्हणाली. "नोंदींची जागा सीमेला पोचली आहे. सीमेलामधला मेला काढून कुणीतरी तिथे ठीक घातलंय. पहिल्या दोन ओळींतही तेच केलंय. मोजणारा भाग मेलाय, दाराचा पहारा मेलाय."

"मॅडम," साहेब म्हणाले.

ती थांबली नाही. तिने बाईंना विचारलं की तुमच्या खोल्यांत निदान काय दाखवतं. बाईंनी गोदामाच्या कारकुनाला फोन लावला. तिकडून वाचल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ठीक, मग थोडी मोकळी जागा, मग एक टिंब. सगळ्याच खोल्यांत तसंच आहे. मदतकक्षाला विचारलं होतं, ते म्हणाले बंद करून चालू करा, काळजी नको.

मोकळी जागा आणि टिंब म्हणजे काय, बाईंनी टकल्याला विचारलं. टकल्या म्हणाला, म्हणजे उत्तम. जागा सोडली आहे ना, ऐसपैस आहे सगळं. होयबा म्हणाला, म्हणजे थोडं थांबा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्यांनी ते लिहिलं होतं त्यांच्याकडे मग सगळेच बघायला लागले.

"तात्या, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. "जागा आणि टिंब म्हणजे काय?"

"माहीत नाही," तात्या म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. ज्याने केलं त्यालाच माहीत नाही.

"अहो, मला माहीत आहे," तात्या चिडून म्हणाले. "त्याचा अर्थच 'माहीत नाही' असा आहे. मोजणाऱ्याकडून उत्तर येत नसलं की निदान जागा सोडतं आणि टिंब देतं. म्हणजे आत काय चाललंय ते मला माहीत नाही." मग ते टकल्याकडे वळले. "आणि तू लोकांना उत्तम सांगत होतास, गाढवा?"

बाईंनी कारकुनाला साधा थर्मामीटर घेऊन खोल्यांत फिरायला सांगितलं. सगळे उभे राहिले. साहेबांनी चहा मागवला, तो कुणी घेतला नाही. फोन आला. बाकी खोल्या बऱ्या होत्या. एक खोली कोमट होती. तिच्यातलं इन्सुलिन सगळं फेकावं लागणार होतं, आणि आधी तिथून जे बाहेर गेलं ते कुणाकुणाच्या दंडात गेलं ते शोधावं लागणार होतं. बाईंनी चष्मा वर सरकवला. नवं टूल एकही शब्द न बदलता आधी माझ्या चालू खोल्यांत बसवा, मग नव्या खोल्यांचं बोलू, एवढं सांगून त्या गेल्या. जाताना साहेबांच्या हातात हात दिला नाही.

कुणाला वाटेल, आता तरी जमलं. वाटणाऱ्याने साहेब पाहिलेले नाहीत.

त्यांनी सूनबाईला केबिनमध्ये बोलावलं आणि पुन्हा सूनबाई म्हणाले. कौतुक केलं. तुम्ही आता विभागप्रमुख, माणसं देतो, खिडकी देतो. फक्त टूलमध्ये एक बटण ठेवा. बाईंसारखं ज्यांना खरं हवंय त्यांना 'मेला' दिसेल. बाकीच्यांनी मागितलेलंच नाही, त्यांना निदानच राहू दे, ठीक आणि टिंबं. मागेल त्याला खरं. यात खोटं काय आहे?

तिने विचारलं की मागायचं असतं हे त्यांना कोण सांगणार. साहेब म्हणाले, तो विक्री विभागाचा प्रश्न आहे.

"बटण मी करणार नाही," ती म्हणाली.

"मग मदतकक्ष."

"चालेल."

साहेबांना ती रडेल असं वाटलं होतं. ती गेली आणि टकल्याच्या समोरच्या टेबलावर बसली.

तिथे साहेबांचा हिशेब चुकला. मदतकक्षात शिक्षा म्हणून पाठवलेल्या बाईच्या हातात त्यांनी कंपनीतला सगळ्यात धोक्याचा माल दिला होता, गिऱ्हाइकाचा कान. फोन यायचा. ठीक, टिंब टिंब टिंब. सूनबाई म्हणायची, तो भाग मेलाय, माणूस पाठवायला सांगा. ठीक, जागा, टिंब. सूनबाई म्हणायची, मोजमाप बंद आहे, थर्मामीटर घेऊन आत जा, मी थांबते फोनवर. आणि शेवटी प्रत्येकाला सांगायची की हे सगळं सरळ शब्दांत दाखवणारं टूल आमच्याकडे तयार आहे, लेखी मागा. टकल्या समोर बसून डोळे उघडे ठेवून ऐकायचा. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, कारण फोनवर आता त्याला कुणी मागेनासं झालं होतं. टिंबांवाल्या बाईंना द्या, म्हणायचे.

पत्रं येऊ लागली तसे साहेब स्वतः खाली आले. सूनबाईसमोर उभे राहून त्यांनी मॅडम मॅडम सुरू केलं. कंपनीची अब्रू, गोपनीयता, वगैरे. तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि 'एक मिनिट, मोठे साहेब इथेच आहेत, तेच सांगतात' म्हणून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी तो कानाला लावला. पलीकडे कुठल्याशा रक्तपेढीचा माणूस होता. त्याने वाचलं. ठीक, टिंब, टिंब, टिंब. साहेब म्हणाले, हं, म्हणजे जरा, थोडीशी अडचण. माणूस म्हणाला, अडचण म्हणजे काय, पिशव्या हलवू की नको? साहेब म्हणाले, तसं बघायला गेलं तर यंत्रणा सध्या पूर्ण कार्यक्षमतेने, म्हणजे एका अर्थी. माणूस म्हणाला, साहेब, माझ्यासमोर रक्त आहे, हो की नाही ते सांगा. टकल्या बघत होता. दारात होयबा बघत होता.

"मेलंय ते," साहेब म्हणाले. "हलवा."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. माणसाला आभार मानायला वेळ नव्हता. साहेब रिसीव्हर हातात धरून उभे राहिले आणि मग म्हणाले की हे रोज करायचं असतं का. सूनबाई म्हणाली, दिवसभर. दुसरा फोन वाजायला लागला तसे ते जिन्याकडे निघाले आणि जाता जाता म्हणाले, घाला ते टूल, सगळ्यांना घाला, माझ्या डोक्याला ताप नको.

निदान काढलं तात्यांनीच. त्यात पश्चात्तापाचा भाग फारसा नव्हता. आपण लिहिलेल्या 'माहीत नाही'चा एका गाढवाने 'उत्तम' केला, हे त्यांना सहन होत नव्हतं. मान राखायचा तर उरलेलं सगळंच नाहीसं केलेलं बरं. त्यांनी एकट्याने बसून निदानचा कोड ओळ न् ओळ काढला, घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं की आज मी ते काढून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, बरं केलंत, आता तो पेला जरा हळू ठेवा.

नव्या व्हर्जनबरोबर कंपनीने मोठी जाहिरात केली. 'आम्ही स्पष्ट बोलतो.' त्यावर साहेबांचा फोटो होता. स्पष्टवक्तेपणाचा पुरस्कार होयबाला मिळाला. सूनबाईला तिची खुर्ची परत मिळाली, खिडकी नाही.

स्वागतकक्षात पाहुण्यांना दाखवायला एक मोठी स्क्रीन होती. ती आतल्या चाचणी खोलीला जोडलेली होती आणि इतकी वर्षं तिच्यावर एकच शब्द असायचा. नवं व्हर्जन चढलं त्या सकाळी साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले आणि तिथेच थबकले. स्क्रीनवर हातभर अक्षरांत काय काय मेलंय त्याच्या ओळी होत्या. त्यांनी सूनबाईला बोलावून घेतलं. पाहुण्यांकडे पाठ करून हळू आवाजात विचारलं की हे इथून जाईल कसं.

ती म्हणाली, भाग दुरुस्त केले की ओळी आपोआप जातील.

"त्याला किती दिवस?"

"माणसं दिलीत तर महिनाभर."

"आणि तोवर?"

"तोवर वाचायचं," सूनबाई म्हणाली, आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला झाली.